सरकारी नोकरीतली बाई

त्या दिवशी दुपारी तिनं माझ्या पायाची नखं काढली. जेवण झालं होतं. बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याची वाळली भाजी. मला खाटेवरनं उचलून तिनं अंगणात उन्हाला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट धरून नखं काढायला लागली. माझ्या कमरेच्या खाली मला काही कळत नाही. बेचाळीस वर्षं झाली. पाय माझेच आहेत, पण त्यांची खबर मला नसते. तरी प्रत्येक बोटाला ती विचारायची, "दुखतंय का?"

"कावून इचारती? दगडाला दुखतं व्हय?"

"दगडाला न्हाई इचारत. तुमाला इचारते."

दहा बोटं झाली. नखं गोळा करून तिनं कागदात बांधली आणि लांब उकिरड्यात टाकून आली. घरात नखं सांडली की भांडणं होतात म्हणायची. आमची भांडणं रोजच व्हायची, पण ती नखानं नाही. हात धुतले आणि म्हणाली, "आज बेस्तरवार. माझा हाप डे. ही नखं काढली ती फुकट धरा. आता पडते जरा. चारला च्या करते, तवर हाक मारायची न्हाई."

चारला चहा आला नाही. सव्वाचारला मी हाक मारली. सुट्टीत हाक मारली की ती चिडायची, म्हणून एकदाच मारली. मग शेजारच्या मन्सूरला हाक मारली. तो आत गेला आणि बाहेर येऊन माझ्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. मला कळलं.

तिचं नाव मी सांगणार नाही. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मी तिला कधी नावानं हाक मारली नाही आणि तिनं मला. मी 'ए' म्हणायचो, ती 'अवं' म्हणायची. आता मेल्यावर नाव घेतलं तर तिला वाटायचं दुसऱ्याच कुण्या बाईला बोलावतोय.

ती सरकारी नोकर होती. हे माझं म्हणणं नाही, तिचं होतं. ज्या सैनिकाला अपंगपणामुळं सोबतीला कायम माणूस लागतो, त्याला दिल्लीकडनं पेन्शनीच्या वर वेगळा भत्ता मिळतो. अटेंडंट भत्ता म्हणतात त्याला. माझा तो मंजूर झाला तेव्हा बीडच्या हापिसातल्या कारकुनानं तिला समजावून सांगितलं, की मावशी, कागदावर तुमच्या मालकाला एक अटेंडंट दिलाय, आणि तो अटेंडंट म्हणजे तुम्हीच. बास. तिनं ते मनावर घेतलं. चौसाळ्याला एसटीतून उतरली ती तरातरा हलवायाकडं गेली, पावशेर पेढे घेतले आणि गावात आल्याबरोबर गल्लीत वाटले.

"कशाचे गं पेढे?"

"सरकारनं मला कामावर घेतलं."

"माय! काम काय?"

"नवरा उचलायचा."

बाया हसून हसून बेजार. मी आत खाटेवर पडून दात खात होतो.

नोकरी म्हटल्यावर मागून सुट्टी आली. बँकेत विचारून आली की सरकारी माणसाला कोणकोणत्या सुट्ट्या असतात. मग दुसरा शनिवार पूर्ण, बेस्तरवार अर्धा आणि संकष्टीला रजा, असं तिनं ठरवून टाकलं. माझी सही घ्यायची काही गरज तिला वाटली नाही. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस असायचा. आधी मन्सूरचा बाप होता, तो थकल्यावर मन्सूर. त्यांच्या घरी ती सणाला डबा पाठवायची, ती बदलीची बोली. मन्सूर गवंडी आहे, दंडाचा दांडगा. सकाळी सातला दारात यायचा आणि आधी चौकशी करायचा, "काका, आज म्यॅडम छुट्टीपर हैं क्या?" मग मला उचलून मोरीवर न्यायचा. ही बाई कुठं जायची नाही. त्याच अंगणात चटई टाकून, डोक्याखाली हात घेऊन आमच्याकडं बघत पडायची.

"मन्सूर, त्यांची मान धर आधी. मान!"

"काकू, तुमी छुट्टीपर हैत ना? मग गप पडा की."

"मी कुठं काय केलं? बोलायला पगार लागत न्हाई."

संकष्टीला मात्र ती खरीच जायची. लिंबागणेश तिचं माहेर. सकाळच्या गाडीनं जायची, गणपतीचं दर्शन घ्यायची, भावाच्या घरी उपास सोडायच्या आधीच संध्याकाळच्या गाडीनं परत. दारात पाऊल ठेवलं की म्हणायची, "रुजू झाले." मी म्हणायचो, "उशीर झाला." ती म्हणायची, "कापून घ्या."

एकदा भावाच्या पोरीचं लग्न निघालं. तिनं आठ दिवसांची रजा मागितली. रीतसर समोर उभी राहून मागितली. मी म्हणलो, "मंजूर न्हाई."

"कावून?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

"तसं चालत न्हाई. कारण द्यावं लागतं. म्हणा, का तुझ्याबिगर माझं होत न्हाई. एवढं म्हणा, मी रद्द करते रजा. लग्नाला बी जात न्हाई."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणलो, "जा. आठ दिवस जा."

ती गेली. मन्सूरचा बाप दोन टाइम यायचा, पण त्याला त्याचं काम होतं. रात्रीतून दोनदा कूस बदलावी लागते मला, नाहीतर कातडी धरते. ते त्याला कुणी सांगायचं? सांगायला मीच होतो, आणि मी सांगितलं नाही. ती आली तेव्हा माझ्या ढुंगणाला तळहाताएवढी जखम झाली होती. तिनं पाहिली. गरम पाणी केलं, धुतली, मलम लावलं. सव्वा महिना लागला भरायला. त्याच्यानंतर एका दिवसाच्या वर रजा तिनं कधी मागितली नाही. मी बी विचारलं नाही, कावून मागत नाही म्हणून.

मी कसा जायबंदी झालो हे लोक विचारतात. लोकांना लढाई पाहिजे असते. लढाई नव्हती. बर्फाच्या डोंगरात चौकीवर रेशन घेऊन चाललो होतो, गाडी घसरली आणि दरीत गेली. मी पिठाच्या पोत्याखाली सापडलो. माझं पाठीचं हाड मोडलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पोरगं पाळण्यात होतं. ती मला टोमणा मारायची, "गोळी तरी खायाची. म्याडल आलं असतं, भिंतीला लावलं असतं. पीठ कुठं लावू?"

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आमच्या घरातला एक कागद मला कधी सापडला नाही, आणि तिला सापडला नाही असं कधी झालं नाही. दोन पिशव्या होत्या. एक माझ्या जुन्या वर्दीच्या कापडाची शिवलेली. तिच्यात दिल्लीचे कागद. पेन्शनीचे, भत्त्याचे, दवाखान्याच्या कार्डाचे, कॅन्टीनचे. दुसरी तिच्या फाटक्या लुगड्याची, तिच्यात मुंबईचे. घरपट्टीचे, एसटीच्या सवलतीचे, पोराच्या फीचे. कागद ती शिक्क्यावरनं ओळखायची. शिक्का गोल का चौकोनी, शाई निळी का जांभळी, कोपरा कुणी फाडला, चहा कुणी सांडला. "ते जांभळ्या शिक्क्याचं, ज्याला उंदरानं खाल्लंय, ते काढा," असं म्हणायची, आणि बरोबर तेच लागायचं. दिल्लीचं काम मुंबईच्या पिशवीत कधी जाऊ द्यायची नाही. म्हणायची, "दोन सवती हायेत. एकीचं दुसरीला कळलं की दोघी देत न्हाईत."

मुंबईच्या सरकारनं माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली तेव्हाची गोष्ट. तरी आमच्या गावच्या ग्रामसेवकानं पट्टीचं बिल पाठवलं. ती गेली. तो म्हणाला, मावशी, तसा आदेश आमच्याकडं आलेला नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली. तो म्हणाला, सांगितलं ना, आल्यावर बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला, तीनचाकी सायकलीत बसवलं आणि ढकलत पंचायतीत नेलं. मला वाटलं माझी सही लागत असेल. तिनं मला उचललं आणि ग्रामसेवकाच्या टेबलापुढच्या खुर्चीत ठेवलं.

"हे घ्या. घर तुमचं म्हणता, पट्टी मागता, तर घरधनी बी तुमीच सांभाळा. सांजच्याला आणून सोडा. त्यांला जेवण एकला लागतं. तिखट चालत न्हाई. अन्‌ दोन घंट्याला उचलून थोडं हलवावं लागतं, न्हाई तर अंगाला धरतं."

आणि गेली. खरंच गेली. ग्रामसेवक माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघतो. मी लाजंनं मेलो. अर्ध्या घंट्यात कपाटातून आदेश निघाला. शिपाई तिला बोलवायला पळाला. घरी आल्यावर मी लई चिडलो. म्हणलो, पोत्यासारखं ठेवून गेलीस मला. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लई वेळ लागला का?"

आता ज्याच्यावरनं तिचं ते 'म्हणा' सुरू झालं ते सांगतो. चूक माझी आहे.

अटेंडंट भत्ता पहिल्यांदा मिळाला तो दोन वर्षांपुरता होता. दोन वर्षांनी डॉक्टरांचं बोर्ड परत बघतं, आणि माणूस अजून लागतो का ते लिहितं. बोर्ड लांबच्या शहरात मिलिटरीच्या दवाखान्यात. आम्ही आदल्या दिवशी निघालो. एसटीत चढवताना तिनं मला पाठीवर घेतलं. वाटेत दोनदा उतरवलं. तिच्याजवळ एका पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं भांडं होतं, माझ्यासाठीचं. दवाखान्यात पोचल्यावर मला खुर्चीत बसवून आत नेलं, ती बाहेर बाकड्यावर बसली, भांडं मांडीवर घेऊन.

आत तीन डॉक्टर. मधला कॅप्टन, माझ्यापेक्षा लहान, मिसरूड फुटलेलं. पण खांद्यावर तारे होते. माझं खालचं धड नसल्यात जमा, तरी वरचं धड सावधान झालं.

"कैसे हो, जवान?"

"फर्स्ट क्लास, साब!"

"नहाना, धोना, टट्टी-पेशाब, खुद कर लेते हो?"

आता सांगा. तारे लावलेला साहेब विचारतोय आणि मी म्हणू, का नाही साहेब, माझी बायको करती? बायकोच्या हातानं हागतो म्हणू? माझ्या तोंडातून निघालं, "जी साब. सब खुद करता हूँ. किसी की जरूरत नहीं."

"शाबास," म्हणाला. आणि लिहून टाकलं.

भत्ता बंद झाला. त्याचा कागद दोन महिन्यांनी आला. ती तो घेऊन बीडच्या हापिसात गेली. कारकुनानं वाचून दाखवलं. सैनिकानं स्वतः सांगितलं की त्याला कुणाची गरज नाही. ती परत आली. जेवायला वाढलं, भांडी घासली, झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, पोराला मन्सूरच्या आईकडं सोडून आली आणि उंबऱ्यावर बसली. मिसरी लावत बसली. मी म्हणलो, "ए, उचल. मोरीवर जायचंय."

"जावा."

"म्हंजी?"

"सगळं आपलं आपण करता म्हणं. कुणाची गरज न्हाई म्हणं. मला बघू द्या. दोन वर्षं झाली, मी बघितलंच न्हाई."

मला राग आला. राग आला की माणसाला वाटतं आपल्याला सगळं जमतं. मी खाटेवरनं खाली पडलो. पडलोच. मग कोपरावर सरपटत निघालो. आमची मोरी खाटेपासनं बारा पावलं आहे. चालणाऱ्याची बारा. मला किती वेळ लागला माहीत नाही. कोपरं सोलली. मधेच जे व्हायचं ते झालं, धोतरातच. तसाच पुढं गेलो. रांजणाला हात घातला पाणी घ्यायला, तर रांजणावरची घागर अंगावर आली. चिखलात पडलो. कुत्रं येऊन वास घेऊन गेलं. मन्सूरचा बाप भिंतीवरनं डोकावला, म्हणाला, "वहिनी, क्या हुआ?" ती म्हणाली, "काय न्हाई भाईजान, त्यांला कामं हायेत."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि बोट मिसरीचं तोंडात तसंच होतं. पण उठली नाही.

ऊन अंगणात आलं तेव्हा उठली. माझ्यापाशी आली. खाली बसली आणि माझं डोकं चिखलातून मांडीवर घेतलं.

"आता म्हणा."

"काय?"

"तिथं म्हणला त्याच्या उलटं. साह्यबाला नका म्हणू. मला म्हणा."

माझी जीभ उचलली नाही. देवाशपथ सांगतो, उचलली नाही. एवढं चिखलात, घाणीत पडलेलो, आणि तरी नाही.

तिनं पदरानं माझ्या तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "बरं. नका म्हणू. मीच सांगीन."

तिनं मला धुतलं. कोपरांना हळद लावली. त्या दिवशी रात्री भाकरीबरोबर गूळ दिला.

मग तिनं अपील केलं. ते कसं केलं हे मला आजही नीट माहीत नाही. कुणाकडनं अर्ज लिहून घेतला, किती खेपा घातल्या, कुणाच्या पाया पडली, कुणाला झापलं. दीड वर्ष लागलं. दुसरं बोर्ड बसलं. या वेळी मधे बाई डॉक्टर होती, वयानं मोठी. तिनं मला विचारलं तेच, आणि माझं तोंड उघडलं तेच. "जी सा..." एवढंच निघालं असेल. दार ढकलून ही आत. शिपाई मागं.

"बाई, त्यांला नका इचारू. ते सैनिक हायेत, ते खोटं बोलतेत. मला इचारा. उचलते मी."

डॉक्टरबाईला मराठी येत नव्हतं. एक ऑर्डर्ली साताऱ्याकडचा होता, त्यानं हसत हसत सांगितलं. डॉक्टरबाईनं हिला खालून वर बघितलं. ही तेव्हा काडीएवढी होती. म्हणाली, "तुम उठाती हो? इनको?"

हिनं पदर खोचला. माझ्या पुढं वाकली, छातीला छाती लावली, आणि खुर्चीतून उचलून मला तपासायच्या टेबलावर ठेवलं. ठेवताना माझं डोकं हातात धरलं, टेकायच्या आधी खालचं कापड सारखं केलं. मग मागं सरली आणि म्हणाली, "आता तुमी ठिवा खुर्चीत."

डॉक्टरबाईनं दोन वॉर्डबॉय बोलावले. त्या दोघांनी मला उचललं, तेव्हा एकाचा हात सुटला आणि माझा पाय खुर्चीवर आपटला. मला कळलं नाही. ती मात्र ओरडली, "अगं माय!" डॉक्टरबाईनं पेन उघडलं.

कायमचं मंजूर झालं. बोर्ड परत लागलं नाही.

त्या भत्त्याचा पैसा तिनं कधी घरात घातला नाही. 'माझा पगार' म्हणायची आणि पेटीत वेगळा ठेवायची. त्याचं काय करते हे मला लई दिवस कळलं नाही. मग एकदा चकलांब्याचा एक गडी घरी आला. सुरुंगात त्याचा उजवा हात मनगटापासनं गेला होता. त्याची बायको मागं उभी होती, पदर तोंडाशी. तो माझ्या पाया पडायला वाकायच्या आधी हिच्या पाया पडला. तेव्हा कळलं, की ही त्या बाईला घेऊन त्याच्या पेन्शनीसाठी तीन खेपा हापिसात गेली होती, गाडीभाडं हिचं. बोर्डाच्या दिवशी दवाखान्यात बी गेली होती. गडी म्हणाला, "काकूंनी आमच्या हिला सांगितलं, का तू आत जा. ते एकटे आत गेले की बरे होऊन बाहेर येतात."

माझ्यासमोर म्हणाला. ही स्वयंपाकघरात होती, हसली असेल. मी त्या गड्याला म्हणलो, "चहा घे."

अशा कितीक बाया तिनं आत पाठवल्या. तिला अपंगपणाचे ते टक्के, ते नियम पाठ होते. कितीच्या खाली गेलं की बंद, कशाला अपील होतं, कशाला नाही. पण बायांना ती एकच सांगायची. जखम त्याची हाय, पर ती किती हाय हे तुला ठाऊक. तो सांगणार न्हाई.

दरसाली नोव्हेंबरात मी जिता आहे हे बँकेत दाखवायला जावं लागतं. तिथं अंगठा लावला की ती बाहेर येऊन तेच म्हणायची, चेष्टेनं. "झालं जित्ते हायत म्हणून सिद्ध. आता तेवढं एक म्हणून टाका की. एकदाच. कुणी ऐकत न्हाई." मी म्हणायचो, "गप." ती म्हणायची, "बरं. पुढच्या साली."

दरसाली. मला ते खरंच वाटत होतं, पुढच्या साली म्हणून टाकू.

ती गेली त्या दिवशी पोरगं परळीहून आलं तवर दिवस बुडाला होता. माती त्याच सांजेला झाली. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून नेलं, मला न विचारता. परत आणून खाटेवर ठेवलं. रात्री कुणीतरी, मन्सूर असेल, दोनदा माझी कूस बदलून गेला.

सकाळी पोरगं माझ्यापाशी येऊन बसलं. त्रेचाळीसचं आहे, डोक्यावरचे केस गेलेत, डोळे सुजलेले. दोन्ही पिशव्या त्याच्या हातात होत्या.

"अण्णा, हे आईचं... भत्त्याचं काही कळवायचं न्हाई हापिसात. मी इचारलं एकाला. माणूस बदलला तरी चालतंय. लागलंच तर मन्सूरचं नाव टाकू. न्हाईतर तुमी परळीलाच चला."

"कागद दे," म्हणलो. "पेन दे."

"कशाला?"

"दे म्हणलो ना बे."

सातवी पास आहे मी. फळी मांडीवर घेऊन लिहिलं. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर झालं. पेन्शनीचा नंबर वर घातला, आणि खाली असं:

'साहेब, माझी अटेंडंट काल दुपारी वारली. ती माझी बायको होती. तिनं बेचाळीस वर्षं ड्युटी केली. भत्ता बंद झाला त्या बोर्डासमोर मी सांगितलं होतं की मी सगळं स्वतः करतो, मला कुणाची गरज नाही. ते खोटं होतं. तेव्हा बी सगळं तीच करत होती. आंघोळ, संडास, कूस बदलणं, उचलणं. तिच्याबिगर माझं एक दिवस होत नव्हतं. कागदावर तशी दुरुस्ती व्हावी.'

पोरानं वाचलं. परत वाचलं. म्हणाला, "अण्णा, ते बोर्ड कधीचं. त्या कागदाचा आता कुणाला उपयोग न्हाई. हापिसात लोक हसतील."

"हसू दे."

"आणि हे... संडास बिंडास..."

"तेच लिहायचं राहिलं होतं."

त्यानं मग कागदाची घडी घातली. "बरं. मी टाकतो पोस्टात. तुमी बसा, लोकं येतील भेटायला."

"मी बी येतो. रजिस्टर करायचंय. शिक्का माझ्यापुढं मारू दे त्यांला."

पोरगं खाटेपुढं उभं राहिलं. हात कुठं घालायचा त्याला कळेना. सगळं आयुष्य त्याच्यासमोर त्याची आई मला उचलत आली, पण त्याच्यावर वेळ आली नव्हती. मी येऊच दिली नव्हती. मन्सूर दारात होता. तो पुढं यायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं.

"काखेतनं हात घाल," पोराला म्हणलो. "अजून आत. जवळ ये. लाजू नको, मी बाप हाय तुझा."

त्यानं हात घातले.

"घेऊ का, अण्णा?"

"घे. माझ्यानं होत न्हाई. उचल मला."

पहिल्या खेपेला आम्ही दोघं खाटेवर पडलो. दुसऱ्या खेपेला जमलं. चौसाळ्याचं पोस्ट दहाला उघडतं. आम्ही साडेनऊलाच दारात जाऊन बसलो.